कौसे, तुझं पत्र वाचायचं राहिलंय

कौसे,

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी जीपच्या थांब्यापाशी दोघीतिघींनी मला अडवलं. म्हणाल्या, मावशी, तुम्ही सगळ्या गोरेगावाचं लिहिता, आता कौसाबाईवर दोन शब्द लिहा. मी व्हय म्हणाले आणि घरी आले. दोन शब्द म्हणे. आपल्या दोघींचं तर तीन शब्दांवरून भांडण होतं, आणि ते मिटायच्या आधीच तू उठून गेलीस.

तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरणीबाई, झाली का सुरू तुमची प्रस्तावना. मी कधी मास्तरीण नव्हते, हे तुला चांगलं ठाऊक. सातवीपर्यंतची शाळा. पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद, पोरांनी टाकून दिलेली पुस्तकं आणि पाठ निघालेली एक डिक्शनरी. पण गावातल्या बायांची पत्रं, अर्ज, तहसीलचे कागद मीच लिहीत आले, आणि त्याचा माझा एक नियम होता. लिहून झालं की कागद जिचा आहे तिच्या मांडीवर ठेवायचा. ओळीखाली बोट फिरवत सगळं वाचून दाखवायचं, एक अक्षर न गाळता. मग विचारायचं, "बराबर?" तिनं मान हलवली की मगच पाकीट चिकटवायचं. आलेलं पत्र वाचतानाही तेच. तिनं मान हलवली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. लिहिता न येणाऱ्या बाईनं स्वतःची जीभ आपल्या हातात दिलेली असते, असं मी मोठ्या तोंडानं सांगायचे. तू हसून म्हणायचीस, हिच्यापाशी किती जिभा हायेत गं, म्हून एवढी बोलते.

तो नियम मी एकाच बाईच्या बाबतीत मोडला. आणि तोही दोनदा. लोकांना वाटतंय मी तुझी थोरवी लिहिणार आहे. मला हे सांगायचंय.

लोणच्यापासून सांगते, कारण आपली सुरुवातही लोणच्यापासूनच झाली. आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं, विहाराच्या बाजूला. तुमच्या घरी मला कागद लिहायला बोलवायचे ते ओसरीच्या खाली, पायरीपाशी. तुझी सासू कडक. लोणच्याच्या बरणीला घरातल्या सुनांनाही ती हात लावू द्यायची नाही, तिथं माझी काय गोष्ट. एका दुपारी ती शेतात गेली आणि तू तुझ्या माहेराहून आलेली बरणी बाहेर घेऊन आलीस. तोंडाला बांधलेला दादरा सोडलास, बरणी माझ्यापुढं धरलीस आणि म्हणालीस, घे. मी म्हणाले, चमचा तरी दे.

"चमचा काहून? माझ्या आईचं हाये, सासूचं न्हाई. घाल हात."

मी हात घातला. कोपरापर्यंत तेल आलं. तेव्हा आपण दोघी विशी-बाविशीच्या. त्यानंतर मी तुझ्या घरी कधी पायरीखाली बसले नाही आणि सासूला काय सांगायचं ते तू सांगत गेलीस. तुझी आई त्याच साली गेली. त्या बरणीच्या तळाला राहिलेल्या चार फोडी तू कुणाला दिल्या नाहीस आणि स्वतः संपवल्याही नाहीस. काळ्या पडल्या, दगडासारख्या झाल्या, तरी दरवर्षी वरून तेल घालत राहिलीस. तेव्हा हातच्या लोणच्याची किंमत तुला कोणी शिकवायची गरज नव्हती, हे लिहून ठेवते. पुढं जे झालं त्यात लोक तुला अडाणी म्हणतील, म्हणून.

तुझा संतोष पुण्याला जपानी शिकला, जपानला कारखान्यात लागला, तिथल्याच पोरीशी लग्न केलं. नाओको. चार वर्षांपूर्वी तुरी निघायच्या वेळेला तिला पहिल्यांदा घेऊन आला. आठवतं, तिनं दारात आपल्या चपला काढून वळवून ठेवल्या, आणि मग आपल्या सगळ्यांच्याही वळवून ठेवल्या, तोंडं रस्त्याकडं करून? तू म्हणालीस, ही तर आल्याबरुबर आपल्याला घालवायला निघाली. पोरीला समजलं नाही, पण तू हसलीस म्हणून हसली.

दुसऱ्या दिवशी संतोष कसल्या कागदासाठी सेनगावला गेला होता. घरात तू, मी आणि ती. तिनं निळ्या कापडात बांधलेली एक लहान बरणी आणली, दोन्ही हातांनी तुझ्या हातात दिली आणि वाकली. मग आंघोळीला गेली. तू बरणी उघडलीस. आत वाळल्या बोरांसारखी लाल, सुरकुतलेली फळं. तेलाचा थेंब नाही. आणि वरून पांढरं, दाणेदार काहीतरी चढलेलं. आपल्याकडच्या कोणत्याही बाईला विचार, तेल नाही आणि वर पांढरं आलंय म्हटल्यावर ती दुसरं काय म्हणणार? बुरा आला. तरी तू लगेच फेकलं नाहीस. तू शहाणी बाई. तू मला हाक मारलीस. मास्तरणीबाई, ह्यावर काय लिवलंय बघ बरं.

बरणीवर चिठ्ठी होती. अक्षरं म्हणजे काटक्या मोडून ठेवल्यासारखी. त्यातलं मला एक कळत नव्हतं. मधे तेवढा एक आकडा होता, साल होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तू विचारलंस आणि मला येत नाही, असं आपल्यात आजवर झालं नव्हतं. मी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, मान हलवली आणि म्हणाले, ह्याची तारीख तर कधीच होऊन गेली, हे खाण्याजोगं राहिलेलं नाही.

तू मागच्या दारानं जाऊन ते उकिरड्यावर ओतलंस. म्हैस वास घेऊन मागं सरली तेव्हा तू म्हणालीस, बघ, म्हशीलाबी समजतंय. आपण दोघी हसलो. वळून बघतो तर नाओको ओले केस घेऊन दारात उभी. तीही हसली. मग खाली वाकून तिनं रिकामी बरणी उचलली, हौदावर धुतली, त्याच निळ्या कापडात बांधली आणि आपल्या पिशवीत ठेवली. त्यानंतर ती दोन दिवस राहिली. अंगण झाडलं, भाकरी थापायला शिकली, दोन भाकरी तव्यापर्यंत पोचल्यासुद्धा. आपल्याला वाटलं काही झालंच नाही.

सहा महिन्यांनी संतोषनं बोलता बोलता फोनवर सांगितलं. ते लोणचं तिच्या आजीच्या हातचं. आजीनं तिला वाढवलेलं. शेवटचं घातलं आणि त्याच वर्षी आजी गेली. बरणीवरचं साल म्हणजे ते घातल्याचं साल. असलं लोणचं तिकडं वर्षानुवर्षं टिकतं, आणि वर येतं ते मीठ असतं. नाओको वर्षातून एकदा, आजीच्या दिवशी, त्यातलं एक खायची. उरलेलं तिनं तुला आणून दिलं होतं.

तेव्हा आपण ओसरीवर मेथी निवडत बसलो होतो. तू फोन खाली ठेवलास. मला वाटलं आता म्हणशील, तूच तर वाचलं होतंस. मी मेथीत मान घालून बसले. तू उठलीस, फडताळातून तुझ्या आईची बरणी काढलीस, आत बघितलंस आणि परत ठेवलीस. मग म्हणालीस, "मी फेकलं. माझ्या हातानं फेकलं."

त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही, भांडताना सुद्धा नाही, तू माझं नाव घेतलं नाहीस. तू पार विसरलीस असं तरी कसं समजू? तुला कोण कुणाच्या लग्नात कोणतं लुगडं नेसून आली होती ते चाळीस वर्षांचं आठवायचं.

मग मी तुझ्याकडून संतोषची जुनी पुस्तकं मागून नेली. गावाला वाटलं, इंदूमावशीला म्हातारपणी जपान सुचलं. तुलाही मी तसंच सांगितलं, की बसल्याबसल्या काहीतरी शिकावं म्हणते. खरं कारण ती चिठ्ठी होती. पुन्हा तसली चिठ्ठी कोणी हातात दिली तर वाचता यावी. एक महिन्यात वळणदार साधी अक्षरं आली. काटक्यांची अक्षरं जड गेली, आजही शंभराच्या पुढं माझी गाडी जात नाही. पण बघ ना कौसे, लाजेपायी सुरू केलेलं शिकणं, वर्ष-दीड वर्षात मी ते मिरवायला लागले. थांब्यावर जीपवाल्याला नमस्काराऐवजी कोन्नीचिवा म्हणायचे. पोरं हसायची आणि मला बरं वाटायचं.

तुला नात झाली, ती सात-आठ महिन्यांची झाली, तरी ते लोक तिला दाखवायला घेऊन आले नाहीत. संतोष म्हणायचा, रजा नाही, लेकरू लहान आहे. एका सकाळी तू ओढा ओलांडून माझ्याकडं आलीस. पाणीही न पिता म्हणालीस, नाओकोला पत्र लिवायचंय. माझ्या नावानं. संतोषला सांगायचं न्हाई.

मी म्हणाले, त्याला फोनवर सांग, तो बोलेल तिच्याशी.

"पोराच्या तोंडून मागितली तर ती पोराची माफी होईल. फेकलं मी."

मी पुस्तक उघडलं. पुस्तक इंग्रजीतून जपानी शिकवणारं. एका पानावर तीन वेगवेगळे शब्द आणि तिन्हींच्या पुढं इंग्रजी एकच. सॉरी. तू म्हणालीस, तिघांचं एकच? इंग्रजाला घाई असंल. मी तुला तिन्ही वाचून दाखवले. पहिला, सुमिमासेन. त्याच्यापाशी चित्र होतं रस्त्याचं, कोणाला तरी धक्का लागलाय. दुसरा, गोमेन नासाई. तिथं एक पोर आईपुढं उभं, खाली फुटलेली वाटी. तिसरा, मोशिवाके गोझाइमासेन. तिथं कोट घातलेला माणूस कमरेत वाकलेला, आणि खाली लिहिलेलं की माझ्यापाशी सांगायला काही कारणच नाही, असा त्याचा अर्थ.

तू तिन्ही दोन-दोनदा म्हणायला लावलेस. डोळे मिटून ऐकलेस. मग म्हणालीस, दुसरा.

मी म्हणाले, दुसरा लेकराचा आहे कौसे. फुटक्या वाटीचा.

"मग म्या काय येगळं केलंय? वाटीच फोडली ना?"

मी तुला समजावत बसले. तू सासू आहेस. परक्या मुलखातली सून आहे. तिचा मान राखायचा तर शब्द मोठा पाहिजे. तिसरा सगळ्यात लांब, सगळ्यात खाली वाकणारा. तू ऐकेनास. आणि तेव्हा तू जे बोललीस ते मी पुस्तकाच्या त्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. म्हणालीस, "आपल्यात तरी एक हाये का? यष्टीत पाय पडला तर येगळं म्हणतो, देवाम्होरं येगळं म्हणतो. घरच्या माणसाला तर म्हणतच न्हाई, गरम भाकर वाढतो. आता पत्रातून भाकर कशी वाढू मी? म्हून घरातला शब्द पायजे."

मी म्हणाले, पुस्तकात तसं नाही. तू म्हणालीस, पुस्तकात नसंल तर कोणाला तरी इचार. तिलाच इचार, तिकडं सासू सुनेला कोणता म्हणती. इचारायला काय लागतं?

लागतं गं. मला लागायचं. मी म्हणाले, विचारते. आठ दिवस गेले. तू रोज विचारायचीस आणि मी उद्यावर ढकलायचे. शेवटी एकदा सांगून टाकलं की हिंगोलीला जपानी येणारे एक सर आहेत, त्यांना विचारलं, ते म्हणाले तिसराच बरोबर. तू म्हणालीस, सर म्हणत असतील तर मग तसं.

ते सर हिंगोलीत नाहीत, कौसे. कुठंच नाहीत.

पत्र मी पुस्तकाच्या शेवटच्या धड्यातून उतरवलं. खराब माल गेला म्हणून एक कंपनी गिऱ्हाइकाला लिहिते, ते पत्र. आपणास झालेल्या तसदीबद्दल आमच्यापाशी सांगायला कारण नाही, यापुढे असे घडणार नाही याची दक्षता घेऊ. जिथं यंत्राचं नाव होतं तिथं मी लोणचं घातलं. अक्षर मात्र सुरेख काढलं. खाली तू अंगठा दिलास. सही येत नाही तर अंगठा तरी माझा जाऊ दे म्हणालीस, आणि शाई नीट उठावी म्हणून दोनदा दाबलास. मग मी कागद तुझ्या मांडीवर ठेवला आणि बोट फिरवत वाचला. आधी जपानीतून, मग मराठीतून. मराठीत मी वाचलं, नाओको बाई, मी फेकलं, ते कुणाच्या हातचं होतं ते मला ठाऊक नव्हतं, चुकलं माझं, लेकराला घेऊन ये. तुझ्या डोळ्याला पाणी आलं. मी विचारलं, बराबर? तू मान हलवलीस. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. ही पहिली वेळ.

दीड महिन्यानं उत्तर आलं. पोस्टमननं तुला दिलं आणि तू मला बोलावणं धाडलंस. पातळ कागद, काळ्या शाईच्या वरून खाली उतरणाऱ्या पाच ओळी, अक्षरं एकात एक गुंतलेली. पुस्तकातली छापील अक्षरं वेगळी आणि हातची वेगळी. उजवीकडच्या पहिल्या ओळीत मला 'थंडी' लागलं, दुसरीत 'पत्र' लागलं, आणि पुढं सगळ्या काटक्याच काटक्या. तिथंच थांबले. पुढं बघितलंच नाही. तू समोर बसलेली, पदर नीट घेऊन, जसं काही नाओकोच दारात आली. मी कागद तुझ्या मांडीवर ठेवला आणि बोट फिरवायला लागले. तिनं लिहिलंय, आई, मनात काही ठेवू नका. माझा राग नाही. आम्ही लेकराला घेऊन दिवाळीला येतो.

तू माझ्या तोंडाकडं बघत नव्हतीस. बोटाकडं बघत होतीस. मी थांबल्यावर विचारलंस, "आन शेवटाला?"

मी म्हणाले, शेवटी तिचं नाव.

"बरं. वाचलंस ना तू. झालं."

तू कागद घडी करून आत नेलास. त्या दिवशी मी बराबर म्हणून विचारलं नाही. आपल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या ते लक्षात आलं नसेल असं मी मनाला सांगत राहिले. ही दुसरी वेळ.

दिवाळीच्या आधी तू मधल्या खोलीला चुना दिलास. उन्हाळ्यातच तू एक लहान बरणी वेगळी घातली होतीस, कैरीची, तिखट न घालता, नुसत्या मिठातली. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणालीस, असंल कोणी बिनतिखटाचं. दिवाळी आली आणि गेली. मी निर्लज्जासारखी तुझी समजूत घालायला आले, रजा मिळाली नसेल गं. तू माझ्या हातात चहा दिलास आणि म्हणालीस, व्हय, रजा कुठं मिळते. तू कोणाची समजूत घालून राहिली होतीस, तुझी का माझी, हे मला तेव्हा समजलं नाही.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात मी आठ दिवस तुझ्या उशाशी होते. खरं बोलायला वेळ होता. शेजारच्या खाटेवरची कळमनुरीची बाई झोपलेली असायची, तुझा लेक आणि सून अजून आले नव्हते. तू एकदा म्हणालीस, मास्तरणीबाई, आज काहून गप? मी म्हणाले, घसा बसलाय. तू मला तुझ्या पेल्यातलं कोमट पाणी दिलंस. आजारी तू आणि पाणी मी प्यायले.

संतोष आणि नाओको लेकराला घेऊन आले ते तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी. दिवस होईपर्यंत नाओको स्वयंपाकघरातच बसून असायची, बायका सांगतील ते करत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मला दोन शब्द लिहायला सांगितलं त्याच दिवशी, संध्याकाळी संतोषनं तुझी पेटी उघडली. निळ्या साडीत तिचं पत्र निघालं. ते बघून नाओको उठली आणि आपल्या पिशवीतून तुझं पत्र घेऊन आली. इतकी दोन वर्षं तिनं संतोषला ते दाखवलं नव्हतं. तू त्याला सांगायचं नाही म्हणाली होतीस, आणि तिनंही सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघी एकाच मातीच्या होता बघ.

संतोषनं वाचलं. आधी हसला. म्हणाला, "मावशी, हे तर बँकेनं नोटीस धाडल्यावानी हाये." मग माझ्याकडं बघितलं आणि त्याचं हसू गेलं.

नाओको हळूहळू बोलत होती आणि तो सांगत होता. तिला अंगठा बघून भीती वाटली होती. तिकडं असा अंगठा पोलिसात घेतात. तिनं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि तिला वाटलं, आईनं प्रकरण कागदावर मिटवून टाकलं. हिशेब पुरा, आता येण्याजाण्याचं कारण उरलं नाही. कंपनी गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार करते आणि दार लावून घेते, तसं. म्हणून तिनंही तसल्याच मोठ्या शब्दांत उत्तर लिहिलं. येऊ का, असं विचारायची तिला हिंमत झाली नाही.

मग तिनं आपलं पत्र जमिनीवर पसरलं आणि वाचायला बोट ठेवलं. उजवीकडं, अगदी वर. बोट खाली आलं. पुन्हा वर, पुन्हा खाली.

कौसे, ते बोट बघून मला तुझी चूल आठवली. संतोष हे शिकत होता तेव्हा सुट्टीला घरी आला की तुझ्या चुलीपाशी बसून कॅलेंडरच्या मागं असाच लिहायचा. तू म्हणायचीस, पोरगं विहिरीत दोर सोडल्यावानी लिवतंय. तुला अक्षर येत नव्हतं पण दोर कुठून कुठं जातो ते येत होतं. आणि मी तुझ्यापुढं बोट फिरवलं होतं डावीकडून उजवीकडं, आडवं. मला का ठाऊक नव्हतं? होतं. पण खोटं मराठीत सुचत होतं, म्हणून बोटही मराठीच्या वाटेनं गेलं.

तुला तेव्हाच कळलं होतं का? कळूनही चुना दिलास का? का दिवाळीपर्यंत तू माझ्या बोटापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवलास? यातलं कोणतं खरं असलं तर मला बरं वाटेल, तेही मला ठरवता येत नाही.

मी संतोषला म्हणाले, बाबा, तू जरा बाहेर ओसरीवर बस. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला जमेल का? मी म्हणाले, तुझ्या आईचं सांगणं आहे, माफी दुसऱ्याच्या तोंडून मागू नये. आणि मी नाओकोपुढं बसले आणि माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, सरांचं, पत्राचं, दिवाळीचं. सांगायला किती वेळ लागला असेल, भाकरीचं पीठ मळून वाळलं. शेवटी म्हणाले, गोमेन नासाई. तुझाच शब्द, दुसरा. मी तिच्या घरची नाही, मला तो चालतो का नाही ते तिला विचारायचंही सुचलं नाही.

काही हरकत नाही, असं ती म्हणाली नाही, आणि बरं केलं. मग काहीतरी लांबलचक बोलली. मला अर्धंही कळलं नाही. आणि मी म्हणाले, वाकारिमासेन. मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, लेकराला सांगावं तसं. पुन्हा नाही कळलं, पुन्हा म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

तिसऱ्या खेपेला कळलं. ती तुझी बिनतिखटाची बरणी मागत होती. फडताळात कुठं असते ते तिला शेजारच्या रखमाबाईनं दाखवलं होतं. ती बरणी घेऊन आली, एक कोरी चिठ्ठी चिकटवली आणि पेन माझ्या हातात दिलं. साल लिहा म्हणाली. आईनं घातलं ते साल. मी आकडे लिहिले. आकडे सरळ आले. ती बरणी निळ्या कापडात बांधून परवा तिकडं गेली.

तिचं पत्र तिनं माझ्यापाशी ठेवलंय. मीच मागून घेतलं, पाकिटासकट. आता तुझ्या ओसरीवर, आपल्या नेहमीच्या जागी बसलेय. संतोषकडून प्रत्येक काटकीचा अर्थ विचारून घेतलाय, जिथं अडले तिथं अडले म्हणून सांगितलंय. वाचते. बोट वरून खाली जातंय, बघून घे.

पहिली ओळ, इकडं थंडी वाढली आहे, तिकडं सर्व कुशल असावेत. दुसरी, आपलं पत्र मिळालं, आभारी आहे. तिसरी, त्या गोष्टीची आपण काळजी करू नये. चौथी, प्रकृतीस जपावे. या चारही मोठ्या शब्दांत आहेत, आपण धाडले होते तसल्या.

पाचवी ओळ डाव्या कडेला आहे, बारीक अक्षरात. तू विचारलं होतंस ना, आन शेवटाला? ती ही. "आई, आजीचं लोणचं इतकं खारट होतं की लहानपणी मी गुपचूप मांजरापुढं टाकायचे. मांजरही खायचं नाही. न बोलता बरणी उचलून निघून आले. गोमेन नासाई."

सगळी साधी अक्षरं आहेत, कौसे. पहिल्या महिन्यात शिकले होते ती. काटकी एकसुद्धा नाही. मला येत होतं हे वाचता. तू मांजराला आणि म्हशीला केवढी हसली असतीस. आणि दुसरा शब्द बरोबर होता. तुझा.

वाचून झालं. एक अक्षर गाळलं नाही. बराबर?

पाकीट उघडंच ठेवलंय.